बिनभुशाचा बर्फ

गिरिजाबाईंनी ताकभाताचा शेवटचा घास संपवला, ताटातच हात धुतला आणि जाहीर केलं, "येत्या मे महिन्यात मी हिमनदी बघायला चालले आहे. ठरलं."

सांगण्याचा थाट असा, की हिमनदीलाही कळवून झालंय आणि तिनं पाहुणीसाठी उंबरा सारवून ठेवलाय.

मुलगा शरणबसव मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, "मे महिन्यात लग्नं हायत की गं आई."

सून दानेश्वरीनं मात्र हातातला डाव खाली ठेवला. "एकट्याच?"

"एकटी कशाला? पुण्याचे लोक गट करून नेतात. पाठीवर सॅक, पायात बूट, आठवडाभर डोंगर चढायचा. कुमाऊँमध्ये पिंडारी म्हणून हिमनदी आहे. पासष्टच्या पुढं ते कुणाला घेत नाहीत, आणि मला श्रावणात पासष्ट पुरी होतात. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही."

हे सगळं कशासाठी, ते कळायला जरा मागं जावं लागेल. गिरिजाबाईंचे यजमान रुद्रप्पा, त्यांचा बर्फाचा कारखाना होता. फ्रिज फक्त डॉक्टर-वकिलांच्या घरी असायचा, तेव्हाची ही गोष्ट. लग्नातलं सरबत असो, आइस्क्रीमचा पॉट असो की मयताला लांबचे पाहुणे यायचे असोत, बर्फ रुद्रप्पांकडूनच जायचा. लाद्यांवर लाकडाचा भुसा थापायचा, गोणपाटात गुंडाळायच्या आणि हातगाडीवर घालायच्या. तरी गावातली बाळीवेस येईतो लादीची वीट व्हायची आणि गिऱ्हाईक भांडायला उलट कारखान्यावर यायचं. रुद्रप्पा शांतपणे म्हणायचे, "मी बर्फ विकलाय. सोलापूरचं ऊन तुमचं तुमी बघा."

अशा माणसाच्या हाती एका वर्षी हिमालयाचं कॅलेंडर आलं. त्यातल्या हिमनदीसमोर ते कितीतरी वेळ उभे राहिले. मग बायकोला हाक मारून म्हणाले, "गिरिजा, हा बर्फ बघ. ह्याला वीज लागत न्हाय, भुसा लागत न्हाय. एकदा जाऊन बघायचं."

जायचं कधी? तिकडची वाट उघडते मे महिन्यात. आणि मे महिन्यात बर्फवाल्याला सख्ख्या भावाच्या लग्नात अक्षता टाकून पंक्तीला थांबायचीसुद्धा फुरसत नसते. "पुढच्या मेमध्ये जाऊ," असं रुद्रप्पा दरवर्षी म्हणाले. मग घरोघरी फ्रिज आले, कारखाना बंद पडला, जागा बिल्डरला गेली. आता मे मोकळा मिळणार, तर त्याच थंडीत रुद्रप्पा गेले. आयुष्यात पहिल्यांदा उन्हाळा रिकामा मिळणार होता आणि त्यासाठी ते थांबले नाहीत.

कारखान्याच्या जागेवर जी इमारत उभी राहिली, तिच्याच दुसऱ्या मजल्यावर गिरिजाबाई राहत होत्या. तिथंच त्यांचा सराव सुरू झाला.

सरावाचं सामान दानेश्वरीनं मागवून दिलं होतं. बूट, सॅक, कानटोपी. बुकिंगही तिनंच केलं. सुनेचं कौतुक गिरिजाबाईंनी तेव्हाच चार लोकांत बोलून ठेवलं असतं तर पुढचं रामायण झालं नसतं. पण आपल्याकडे सुनेचं कौतुक मनात करायची रीत आहे.

सकाळी गिरिजाबाई सॅकमध्ये ज्वारी भरायच्या आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जिना चढायच्या, उतरायच्या, पुन्हा चढायच्या. साडीखाली ते बूट असे दिसत, की लग्नाच्या मांडवात पोलिस शिरलाय. चढताना बोलायचं नाही, नाकानं श्वास घ्यायचा, असं पुण्याच्या लोकांनी बजावलं होतं. त्यामुळे शेजारणीनं "काय काकू, बरं हाय का?" विचारलं तरी त्या नुसत्या बघत पुढं जायच्या. डोंगरात ऊनऊन जेवण कुठलं, म्हणून सवयीसाठी दुपारी कडक भाकरी पाण्यात बुडवून शेंगाचटणीशी खायच्या, तीही जिन्यात बसून. पाठ घट्ट व्हावी म्हणून गादी सोडून फरशीवर झोपायच्या. आणि दागिने आणू नका अशी सूचना होती, म्हणून हातातल्या पाटल्या काढून सुनेच्या कपाटात ठेवल्या.

सोमवारी थोरली नणंद आली. सुंदरम्मा. दर सोमवारी सिद्धेश्वराचं दर्शन झालं की भावाच्या घरी चहा घ्यायचा, हा तिचा नेम भाऊ गेला तरी चुकला नव्हता. ती जिना चढतेय, तर वळणावर भावजय बसलेली. पाठीला ओझं, हातात वाळकी भाकरी, मनगटं उघडी.

"गिरिजा, हे काय गं?"

गिरिजाबाईंचा श्वासाचा व्यायाम चालू होता. त्यांनी डोळे मिटले.

"पाटल्या कुटं गेल्या?"

श्वास सोडून झाल्यावर गिरिजाबाई म्हणाल्या, "दानेश्वरीकडं दिल्या आक्का. मी हिमालयात चालले."

सुंदरम्मानं चहा घेतला नाही. ती तशीच खाली उतरली आणि रिक्षात बसायच्या आधी तिनं अक्कलकोटला फोन लावला.

अक्कलकोट म्हणजे दानेश्वरीचं माहेर. दुसऱ्या दिवशी व्याही चनबसप्पा आणि विहीण बसम्मा दारात हजर. हातात इरकल साडी, नारळ आणि चेहरे असे की घरात काहीतरी फुटलंय आणि ते आपल्याच पोरीनं फोडलंय.

चनबसप्पा खुर्चीत न बसता सतरंजीवर बसले. "विहीणबाई, पोरगी लहान हाय. चुकली असंल तर आमी माफी मागतो. पण घर सोडू नका."

"घर कोण सोडतंय?"

"सुंदराक्कांनी सगळं सांगितलं. तुमी भाकरी जिन्यात खाता म्हणं."

"ती सवय करतेय हो मी."

हे ऐकून बसम्मानं पदर डोळ्याला लावला. "ब्याड, ब्याड," ती म्हणाली. नको, नको, असली सवय नको. मग पुढचं सगळं कानडीत, आणि ते सगळं लेकीला. दानेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बूट तिनं आणले, बुकिंग तिनं केलं, आणि आता सगळं तिच्याच अंगावर येत होतं. तिचं नाक लाल झालं.

गिरिजाबाई म्हणाल्या, "अहो, तिचा काही दोष नाही. मला बर्फ बघायचाय, म्हणून चाललेय."

चनबसप्पांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "विहीणबाई, चाळीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढलेल्या बाईनं बर्फ बघायला हिमालयात जायचं? आमी खेड्यातले असू. दूधखुळे न्हाय."

रुद्रप्पांचं कॅलेंडर, तो मे महिना, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. हे व्याह्यांपुढं कसं मांडायचं? गेलेल्या नवऱ्याची हौस म्हटलं असतं तर बसम्मा आणखी रडली असती. गिरिजाबाई गप्प बसल्या. गप्प बसणं म्हणजे राग अजून गेलेला नाही, असं धरून चनबसप्पांनी साडी आणखी दोन बोटं पुढं सरकवली.

शेवटी निवाडा सुंदरम्मानं केला. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती आली होती. "जायचंच असंल तर सुनेला बरोबर घेऊन जा. दोघी मिळून गेल्या म्हटल्यावर लोकं काय बोलतील?"

"मी?" दानेश्वरी म्हणाली. भर वैशाखात कोमट पाणी पिणारी बाई ती. पंखा तीनवर गेला तरी तिला शिंक यायची. पण आई-बापांनी एकदम मान डोलावली आणि शरणबसवनं मोबाइलमधून वर बघून विचारलं, "मग माझ्या डब्याचं काय?" एवढ्यावर तिचं जाणं पक्कं झालं.

त्यानंतर दोघी मिळून जिना चढू लागल्या. पुढं सासू ज्वारी घेऊन, मागं सून नुसती, तीही कठड्याला धरून.

"आई, अजून किती?"

"हा पहिलाच मजला आहे."

"तिकडं कठडा असतो का हो?"

"तिकडं याक असतात म्हणे. त्याला धर."

हसत हसत दोघी पायरीवर बसायच्या. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण दोघी अशा शेजारी कधी बसल्या नव्हत्या. एकदा गिरिजाबाईंनी तिला कॅलेंडरची गोष्ट सांगितली. सगळी. दानेश्वरी उठली आणि त्या दिवशी प्रथमच न थांबता गच्चीपर्यंत गेली.

निघायच्या आदल्या दिवशी निरोप द्यायला मंडळी जमली. गव्हाची गोड हुग्गी शिजली, हार आले. सुंदरम्मानं सगळ्यांकडून केदारनाथाला घालायची अक्षत गोळा केली होती. पिंडारीहून केदारनाथ कुठल्या कुठं, हे तिला सांगायचं धाडस कुणी केलं नाही.

आता इथं गिरिजाबाईंनी हात जोडून घरात बसायला हवं होतं. पण चनबसप्पांनी जेवताना हळूच विचारलं, "विहीणबाई, गुडघे काय म्हणतात?" आणि गिरिजाबाईंचा अहंकार बुटासकट उभा राहिला.

"गुडघे? चला, दाखवते."

ज्वारीची सॅक पाठीला लावून त्या निघाल्या. वऱ्हाडासारखी सगळी मंडळी मागं. गच्चीला हात लावून त्या दिमाखात वळल्या आणि उतरू लागल्या. तेवढ्यात मागं राहिलेले चनबसप्पा धापा टाकत समोर आले. विहीण ओझं वाहतेय आणि व्याही रिकाम्या हातानं बघतोय, हे दृश्य त्यांच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं.

"द्या हिकडं ते."

"असू दे हो."

"आमच्या देखत? शोभतं का?"

"अहो सोडा, तोल जाईल माझा."

"तुमी सोडा."

त्यांनी पट्टा धरला. यांनी पाठ वळवली. सॅकची चेन एका दमात उघडली आणि ज्वारी शहाबादी फरशीच्या पायऱ्यांवरून खाली निघाली, सुगीत खळ्यावर रास ओतावी तशी. पहिले चनबसप्पा बसले. मग त्यांना धरायला आलेला शरणबसव बसला. सुंदरम्मा कडेच्या भिंतीला अशी चिकटली की ती आधीपासून तिथलंच चित्र वाटावी. गिरिजाबाई मात्र उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांचा सराव होता. त्या उभ्या राहिल्या, त्यांनी सगळ्यांकडं विजयानं बघितलं, आणि आणखी एक पायरी उतरल्या.

घोट्याला बारीकशी चीर गेलीय, असं डॉक्टर म्हणाले. प्लास्टर बसलं. बूट डाव्या पायात जाईना.

दानेश्वरीनं भरलेली बॅग उघडली. "मी पण नाही जात."

"जायचं," गिरिजाबाई म्हणाल्या.

"आई, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतात ते म्हणू देत. तूही राहिलीस तर आपल्या घरातलं कुणीच गेलं नाही असं होईल. कुणीतरी जा गं."

दानेश्वरी गेली. आणि लोकांनीही कसूर केली नाही. सुनेनं सासूचा पाय मोडला आणि आपण थंड हवा खायला गेली, ही बातमी तिची गाडी दौंडला पोचायच्या आत अक्कलकोटला पोचली होती.

गिरिजाबाई पाय उशीवर ठेवून पडून राहिल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आज ती तंबूत असेल, आज जंगलातून जात असेल, आज पोचलीच असेल. फोन लागत नव्हता. सुजेवर धरायला शरणबसव फ्रिजमधला बर्फ वाटीत आणून द्यायचा. लिंबाएवढे खडे, हातात घेईतो पाणी. त्या मे महिन्यात गिरिजाबाईंच्या वाट्याला आलेला बर्फ तेवढाच.

दानेश्वरी परत आली. गालांची सालं निघालेली, नाक भाजलेलं, चालण्यात कसलातरी नवा झोक. तिनं आल्या आल्या सासूच्या पायाकडं बघितलं.

"कसं होतं गं?"

"काही नाही हो आई. ढग होते. शेवटपर्यंत काही दिसलंच नाही."

"अगदी काहीच नाही?"

"नुसतं पांढरं पांढरं. तुम्ही आला नाहीत ते बरंच झालं." ती लगेच पोळ्या लाटायला गेली. ढगात कुणाचं नाक भाजत नाही, हे गिरिजाबाईंना ठाऊक होतं. पण आपल्याला वाईट वाटू नये म्हणून कुणीतरी इतकं धडधडीत खोटं बोलल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांनी ते खोटं जपून ठेवलं.

सोमवारी सुंदरम्मा आली. चहा समोर यायच्या आतच तिनं मोबाइल काढला. "ढग कुटले गं? ही बघ, तिनंच माहेरच्या लोकांना धाडलेत फोटो. तितनं माझ्याकडं आले. लई लख्ख ऊन पडलंय. बर्फ बघ, कुटवर गेलाय तो."

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला.

गिरिजाबाईंच्या हातभर अंतरावर तो फोन होता. मान किंचित वळवली की झालं. त्यांनी मान वळवली नाही.

"राहू दे आक्का. मला काही दिसत नाही त्यातलं."

"चष्मा हाय की डोळ्यावर."

"असून दिसत नाही."

सुंदरम्मानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं, फोनकडं बघितलं, चहा अर्धा टाकला आणि उठली. आत थोड्या वेळानं लाटणं पुन्हा सुरू झालं, जरा हळू.

संध्याकाळी दानेश्वरीला वडिलांचा फोन आला. "विहीणबाईंची नजर गेली म्हणं. अशी कशी गं तू, आमाला सांगायचं न्हाय? हितं डोळ्याचे डाक्टर वळकीचे हायत. उद्या सकाळीच आमी न्यायला येतो. तवर त्यांना जिन्यावर एकटं सोडू नको."