राहेलबाईंचा बापू

आमच्या सोनईच्या ख्रिस्ती मंडळीने एका बुधवारी गुडघे टेकून, डोळे मिटून, आणि काहींनी तर अश्रू ढाळून अशा एका मुलाच्या विषमज्वरासाठी प्रार्थना केली, जो कधी जन्मालाच आलेला नव्हता. प्रार्थना मीच चालवली. पाळक या नात्याने मी पुष्कळांसाठी देवाकडे रदबदली केली आहे. पण हाडामांसाच्या माणसांसाठी मी इतका कळवळलो असेन, असे प्रामाणिकपणे म्हणवत नाही.

घडले ते असे. मी प्रथेप्रमाणे प्रार्थनेचे विषय विचारले. कोणाची आटलेली म्हैस, कोणाची परीक्षा, कोणाचा फौजेत गेलेला मुलगा, हे सारे झाल्यावर चौथीच्या शिक्षिका राहेलबाई उठल्या आणि म्हणाल्या, "मनोहरसाठी. चौदा वर्षांचा आहे. ताप उतरत नाही." राहेलबाई स्वतःहून कधी काही मागत नसत. मंडळी हेलावली. सभा संपल्यावर शांतवनरावांनी विचारले, "कुनाचं पोरगं म्हनायचं, बाई?" शांतवनराव म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे वडील, बागायतदार, दानशूर, आणि माझ्या उपदेशाच्या वेळी नियमाने झोपणारे.

"मासिकातलं," राहेलबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, जणू दोष माझाच असल्यासारख्या, "तुमच्याच मासिकातलं. तुम्ही वर्गणीदार आहात, पाळकसाहेब."

ते खरे होते. गावातल्या तरुणांच्या हाती सद्वाचन पडावे, या उदात्त हेतूने मी पुण्याचे एक किशोरांचे मासिक मागवीत असे. तरुणांनी त्याला बोटही लावले नाही. वाचीत असत त्या पन्नाशीला टेकलेल्या राहेलबाई. त्यात एक कादंबरी क्रमशः येत होती. तारा नावाची हुशार मुलगी, तिचा शूर मित्र मनोहर, एक दुष्ट काका, आणि ताराचा सहा वर्षांचा धाकटा भाऊ बापू. तिसऱ्याच प्रकरणात जत्रेच्या गर्दीत ताराच्या हातातून बापूचा हात सुटला. त्यानंतर लेखकमहाशय मनोहरच्या पराक्रमांत असे काही रंगले, की आपण एक पोर जत्रेत विसरून आलो आहोत, हे त्यांच्या ध्यानात राहिले नाही. राहेलबाईंच्या राहिले.

"आवो पाळकसायेब," शांतवनराव हैराण झाले होते, "देवाला काय वाटलं आसंल? त्यो त्या मनोहरला घरोघर हुडकत बसला आसंल की!"

"शांतवनराव," राहेलबाई शांतपणे म्हणाल्या, "येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्रासाठी तुम्ही दर खेपेस रडता. तो कुठल्या गावचा?"

शांतवनरावांनी थोडा विचार केला. "त्येचं येगळं हाय. त्यो बायबलात हाय."

"हा मासिकात आहे. आणि बापूला गर्दीत शेवटचं पाहिलं ते मनोहरनं. मनोहर गेला, तर बापूला शोधणार कोण?"

ईश्वरविद्येचे माझे शिक्षण बरेच झाले आहे. तरी त्या रात्री मी मासिकाचे मागचे अंक काढून बसलो.

पुढच्या अंकात मनोहरचा ताप उतरला. शांतवनरावांनी पार वेशीपर्यंत सांगितले, "आमच्या मंडळीनं उठिवला त्येला!" तेव्हापासून अंक आला, की माझ्या ओसरीवर त्याचे जाहीर वाचन सुरू झाले. वाचायच्या राहेलबाई, शांतवनराव सर्वांत पुढे, पापणी न लववता. माझ्या उपदेशात घोरणारा हा गृहस्थ दुष्ट काकाच्या कारस्थानांना मुठी आवळीत असे. हे मी मत्सराने लिहीत नाही. निदान तसा प्रयत्न करीत आहे.

अंक आल्याचे कळताच राहेलबाई माझ्या फाटकाशी येत, आणि 'सलाम' म्हणण्याच्या आधी विचारीत, "बापूचं काही?"

"नाही, बाई."

"पुढच्या अंकात," त्या म्हणत, जणू लेखकाने त्यांना तसे कळवले होते.

पात्रांशी त्यांचे वागणे थेट वर्गातल्या मुलांसारखे होते. मनोहरला त्या सांभाळून घेत, काकाकडे दुर्लक्ष करीत. सारा राग ताराच्या वाट्याला. ताराला वक्तृत्वाचे बक्षीस मिळाले, त्या महिन्यात राहेलबाईंनी अंक मांडीवर आपटला. "भाषणं करते आहे! भाऊ हरवलाय, आणि ही व्यासपीठावर उभी राहून भाषणं करते आहे!" मी सौम्यपणे सुचवले, की लेखकाच्या मनात असेल तसे होईल. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले. "लेखकाला काय ठाऊक, पाळकसाहेब? त्यानं नुसतं लिहिलंय. मी त्यांना ओळखते."

त्यांचा वर्ग कोठेही निघाला, अगदी शेजारच्या आडावर पाणी प्यायला जरी, तरी प्रत्येकाने पुढच्याचा हात धरलेला असे. मिसरूड फुटू लागलेली चौथीतली थोराड मुले लाजेने मान खाली घालून त्या साखळीतून चालत. "बाई, बैलं बी येवडी जुपत न्हाईत कुनी," शांतवनराव म्हणत. राहेलबाई ओळ मोडू देत नसत.

इकडे महायुद्ध लांबत चालले होते आणि कागद मिळेनासा झाला होता. जाडजूड मासिक महिन्यागणिक रोडावत पापडाएवढे पातळ झाले. आणि एका दुपारच्या टपालाने शेवटचा हप्ता आला. कागदाच्या टंचाईमुळे कादंबरी या अंकी आटोपती घेत आहोत, असे संपादकांनी वर छापले होते. तीन पानांत मनोहर शर्यत जिंकला, ताराला शिष्यवृत्ती मिळाली, आणि दुष्ट काकाला पश्चात्ताप झाला, तोही दीड ओळीत. लोकांना पश्चात्ताप करायला लावण्याच्या उद्योगात मी आयुष्याची बरीच वर्षे घालवली आहेत. काकाच्या वेगाचा मला हेवा वाटला. बापूचे नाव कोठेही नव्हते.

राहेलबाई फाटकाशी आल्या. "बापूचं काही?"

मी अंक त्यांच्या हाती दिला. "मंडळी जमली आहे," मी म्हणालो, "तुम्हीच वाचा."

त्यांनी वाचले. शर्यत, शिष्यवृत्ती, पश्चात्ताप. 'समाप्त' हा शब्दही त्यांनी वाचला.

"आन् बापू?" शांतवनरावांनी विचारले.

राहेलबाईंनी पान उलटले. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. पलीकडच्या पानावर केशतेलाची जाहिरात होती. एक बाटली, आणि गुडघ्यापर्यंत केस सोडलेली एक बाई. राहेलबाईंनी त्या पानावर बोट ठेवले आणि त्याच खणखणीत आवाजात वाचू लागल्या.

"'बापू घोडेगावच्या बाजारात एका गाडीच्या चाकाशी बसून राहिला.'"

"आपलं घोडेगाव?" शांतवनरावांनी चकित होऊन विचारले. आजवर ही कादंबरी कोकणाबाहेर पडली नव्हती.

"आपलंच. मध्ये बोलू नका. 'बाजार उठला, तरी तो उठला नाही. मग मिशनची बैलगाडी आली आणि त्याला घेऊन गेली. तिथे त्याला नाव विचारलं. ते त्याला सांगता येईना, म्हणून दुसरं दिलं. पाटी दिली, पोटभर भाकरी दिली. तो रडला नाही. ज्या हातातून त्याचा हात सुटला, तो हात त्याला आठवे. चेहरा आठवत नसे.'"

मोठ्या दुष्काळात घोडेगावच्या बाजारात सापडलेल्या एका चिमुरड्या मुलीला अनाथाश्रमाच्या गाडीने नेले होते, आणि तिथल्या मॅडमने तिचे नाव राहेल ठेवले, हे आमच्या मंडळीत सर्वांना माहीत आहे. माहीत असलेल्या गोष्टींचा आपण कधी विचार करीत नाही. इतके दिवस मी समजत होतो, की बाई हरवलेल्या भावाला शोधीत आहेत.

"मंग?" शांतवनराव पुढे सरकले. "घावला का न्हाई बहिनीला?"

राहेलबाई त्या बाटलीकडे पाहत राहिल्या. बापू सापडायला एका वाक्याचेच काम होते, आणि त्यांना अडवणारा लेखक आता उरला नव्हता.

"'अजून नाही,'" त्यांनी वाचले. "'पण तारा शोधते आहे. तिने शोधणं सोडलेलं नाही.'"

"आसं लिवलंय?" शांतवनराव माझ्याकडे वळले. "व्हय का वो, पाळकसायेब?"

राहेलबाईंनी अंक किंचित माझ्या बाजूला कलता केला. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिले नाही.

"हो," मी म्हणालो. "स्पष्ट लिहिलं आहे."

त्यांनी अंक मिटला, पदराने चष्मा पुसला, आणि वर्गात बोलावे तशा म्हणाल्या, "पुष्कळ लोक शेवटपर्यंत वाचतच नाहीत."