रखमाजी तांबटाच्या दिव्याची हकीगत

श्रीगजानन प्रसन्न. शके सतराशे, विलंबी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात जे वर्तले ते जैसे कानी आले तैसे लिहितो. नावे ठेवणाऱ्याने खुशाल ठेवावी.

त्या राज्यी चाल ऐसी की, ज्याचे कर्ज फिटेना त्याने भरदिवसा दारी दिवा लावावा. दिवा जळे तोवर सावकारांनी उंबरा ओलांडू नये, आणि विझताच आत शिरून सारी चीजवस्त फोडून समसमान वाटून घ्यावी. दिव्यात तेल घालणे घरच्यांस मना; सरकारने घालावे वा सावकाराने. परंतु सावकाराने घातल्याचे आजवर कोणी ऐकले नव्हते! त्या साली रखमाजी तांबटाने दिवा लाविला. बंब, हंडे घडविणारा नामी कारागीर, पदरी चाळीस माणसे. परंतु तांबे भरलेली दोन गलबते बुडाली आणि इलाज राहिला नाही. मुख्य सावकार उमाशेट पहार घेऊन भट्टी फोडावयास सिद्ध. मग रखमाजीची बायको येसूबाई दरबारी आली आणि म्हणाली, "महाराज, भट्टी राहिली तर पै न पै फेडू. फुटली तर विटांनी काय फेडावे?" महाराज विचारी पडले. पदरी विसाजीपंत कारकून होते, त्यांस चौकशीचे भारी वेड. पाण्याचा घोट घेतील तरी विहीर कोणी खणली ते आधी पुसतील. त्यांस आज्ञा जाहली, "पंत, मुलखोमुलखी जावे, बुडत्या कारखान्याचे तेथे काय करितात ते पाहून यावे. तुम्ही परताल तोवर तेल सरकारचे."

मग पंत निघाले, आणि काय नवल सांगावे! एका मुलखी बुडीत मालकासच गादीवर ठेवून वर पंचांची नजर ठेविती. दुसऱ्या मुलखी मालकास उठवून त्रयस्थ कारभारी बसविती आणि सावकारांची सभा भरवून तोड काढावयास मुदत घालिती. तिसऱ्या मुलखी तर शेजारच्या राज्याचा निवाडाही मानिती! पंतांनी "असे का? मुदत सरली तर?" पुसपुसून लोकांस भंडावून सोडिले, आणि सहा मासांनी परतून सर्व दरबारी निवेदन केले.

उमाशेट उसळले, "हे परमुलखीचे चोचले! आमची चाल वाडवडिलांची आहे." पंत म्हणाले, "शेटजी, एकच पुसतो. तीन वर्षांमागे तेल्याचा दगडी घाणा चौघांनी फोडून वाटून घेतलात. आपला चतकोर कोठे आहे?" शेटजी घुटमळले. "परसात. त्यावर धुणे आपटितात." दरबारी हशा पिकला आणि शेटजी तणतणत निघून गेले. महाराज म्हणाले, "पंत, चाल मोडणे आमच्याने होत नाही. तुम्ही आलात, सरकारचे तेल बंद."

पंत दिव्यापाशी जाऊन बसले. सहा मास पायपीट केली आणि वात तर बारीक होत चालली, हे पाहून त्यांचे डोळे भरून आले. इतक्यात उमाशेट आले. एका हाती पहार, दुसऱ्या हाती बुधली. पहार त्यांनी भिंतीस टेकविली आणि बुधली दिव्यात ओतली. "घाणा फोडल्यापासून तेल परगावाहून आणितो, दुप्पट दामाने," ते पुटपुटले. पंतांस राहवेना. "शेटजी, किती दिवस घालणार?" शेटजी गरजले, "कर्ज फिटेतो! आणि पंत, अजून एक प्रश्न पुसाल तर ही बुधली तुमच्या डोकीत घालीन!"

तात्पर्य, दिवा दोन वर्षे जळला, आणि कर्ज फिटले त्या दिवशी येसूबाईने तो स्वहस्ते शांत केला. पहार तेथेच भिंतीशी राहिली. न्यावयास कोणी आले नाही. इतकेच वर्तमान.