हिरण्यनगरीचा वेढा आणि अनगोळचे मंगळवार

सत्ता मिळवण्याचे दोन मार्ग जगाला ठाऊक आहेत: वारसा आणि पराक्रम. गोष्ट ऐन रंगात असताना पोथी मिटणे, हा तिसरा मार्ग राज्यशास्त्राच्या ग्रंथांत अद्याप नोंदलेला नाही. तो मी शोधला आणि त्याचा प्रयोग अनगोळ या गावी केला.

मी बेळगावच्या कोर्टात वकील आहे. (पक्षकार नाहीत, पण सनद आहे आणि ती भिंतीवर सरळ टांगलेली आहे.) रिकामा वेळ राष्ट्रकार्यी लागावा म्हणून मी 'हिरण्यनगरी' ही अद्भुत कादंबरी लिहायला घेतली. वेतालसेन नावाचा मायावी राजा या नगरीला वेढा घालतो आणि आत राजकन्या हेमांगी अडकते, एवढेच कथानक. वेतालसेनाच्या अंगच्या विद्या पुढीलप्रमाणे: ढग अडवणे, विहिरी कडू करणे, मेलेले सैनिक हजेरीला उभे करणे आणि लांबलचक भाषणे.

शहरातल्या स्नेह्यांपैकी एकाला पहिल्या प्रकरणात जांभई आली, एकाला दुसऱ्यात ताप आला आणि उरलेल्यांना तिसऱ्यापासून परगावची लग्ने निघाली. शेवटी अनगोळहून येऊन आमच्याकडे दूध घालणारा रवळू म्हणाला, "वकीलसायब, आमच्यात या की वाचाय. मंगळवारी मरगाईच्या देवळाम्होरं कट्ट्यावर लई माणसं बसत्यात."

गेलो. वाचले. राजकन्येच्या विहिरीचे पाणी कडू झाले तिथे पोथी मिटली. कट्ट्यावर कुणी हलेना. देवीपुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालण्याचा मान ज्याच्याकडे, त्या भरमाआप्पाने विचारले, "ही नगरी कुठंशी आली म्हनायची?"

'काल्पनिक आहे' हे उत्तर शास्त्रशुद्ध ठरले असते. परंतु मोठ्या कष्टाने श्रोते मिळालेल्या लेखकाने त्यांच्याशी असे तोडून बोलू नये.

"लोंढ्याच्या पलीकडे," मी म्हणालो. (लोंढा म्हणजे आमच्याकडचे रेल्वे जंक्शन.)

"मग आपल्यातलीच की," असे म्हणून भरमाआप्पा उठला, देवीसमोर हात जोडून उभा राहिला. "बाई मरगाई, लोंढ्यापल्याड एक पोरगी तटात अडकलीया. तिला तिच्या मानसांत आन."

आमच्या भागात गावावर संकट आले की वार पाळतात. मंगळवारी औत जुंपायचे नाही, कुदळ धरायची नाही, आणि पाळणूक सुटेपर्यंत लावणीसारखे नवे काम काढायचे नाही. एरवी पाच वार पाळून गाव मोकळे होते. हिरण्यनगरीसाठी मात्र वेढा उठेपर्यंत पाळणूक धरायची असे ठरले. म्हणजे ती कधी सुटणार हे माझ्या टाकाच्या टोकावर आले.

पुढच्या मंगळवारी मी पाहणी केली. बांधून ठेवलेली औते: सगळी. राजकन्येसाठी डोळे पुसणाऱ्या बायका: मोजता आल्या नाहीत, पदर आड येत होते. झोपलेले श्रोते: एक (पाटलांचा कुत्रा). वेतालसेनाला एक ढग अडवायला महिनाभर जप करावा लागे. मी चष्मा पुसायला काढला की अख्खे अनगोळ थांबत होते. मला फार बरे वाटले. खोटे कशाला बोलू, लग्नातही इतके बरे वाटले नव्हते.

मूळ आराखड्यात वेढा लवकर संपत होता. परंतु लोकहितास्तव मी काही प्रकरणे वाढवली: बुरुजांची वर्णने, हत्तींच्या वंशावळी, आणि मंत्रिमंडळाची सभा बोलवावी की नाही हे ठरवण्यासाठी मंत्रिमंडळाची सभा.

पाऊस लागला. एका सकाळी रवळू दूध घालून झाले तरी दारातच उभा राहिला.

"वकीलसायब, भाताचा तरवा वाफ्यातच पिवळा पडाय लागलाय. आता न्हाय लावला तर यंदा भात न्हाय. वेढा कवा उठतोय?"

"इतिहासाला घाई चालत नाही, रवळू."

"इतिहासाला न्हाय चालत. पन तरव्याला हाय की घाई."

तो गेल्यावर आमची सौभाग्यवती वसुधा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, त्यांचं वर्षाचं भात आहे ते. उठवा की एकदाचा."

"वेढा उठणार नाही. नगरी पडणार आहे," मी म्हणालो. "शोकान्त केल्याशिवाय मोठा लेखक म्हणत नाहीत."

"वेतालसेन कुणाला समोर ठेवून लिहिलात, ते आत्ता कळलं," ती म्हणाली आणि आत गेली. (वाङ्मयाची जाण बायकांत उपजतच असते.)

त्या मंगळवारी शेवटचे प्रकरण बगलेत मारून मी अनगोळला गेलो. कट्टा रिकामा. पाटलांचा कुत्रा तेवढा वेळेवर हजर होता. गाव खाली शिवारात, गुडघाभर चिखलात ओळीने वाकून तरवा लावत होते.

"आज मंगळवार ना?" मी बांधावरून ओरडलो.

"पाळनूक सुटली की," रवळू म्हणाला. "शुक्रवारी देवीला कौल लावलाता. उजवं फूल पडलं. वेढा उठला."

"असा कसा उठेल? वेतालसेनाकडे मेलेलं सैन्य आहे."

"आसंल मेलेलं," भरमाआप्पा म्हणाला. "पन त्यास्नी बी गावाकडं शेतं आसतीलच की. पाऊस लागल्यावर दुसऱ्याच्या तटाबाहीर कोन बसतंय? गेले घरला."

"आणि वेतालसेन?"

"एकटाच ऱ्हायलाय म्हनं," रवळू मान वर न करता म्हणाला. "भाषन करतोय."

ओळीतल्या बायका हसल्या. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटले ते श्रोते गेल्याचे. चिखलात उतरून हात लावावा असेही क्षणभर मनात आले. पण धोतर परीटघडीचे होते. मी कट्ट्यावर परत गेलो आणि शेवटचे प्रकरण कुत्र्याला वाचून दाखवले. तो शेवटपर्यंत बसला, मग उठून गेला.

लोंढ्यापलीकडच्या पोरीसाठी औते बांधून ठेवणाऱ्या माणसांच्या भोळेपणाला आपण आतापर्यंत मनातल्या मनात हसला असाल. हसायला हरकत नाही. मात्र अनगोळकर काम निघताच उठून गेले. आपण घरची कामे टाकून अजून इथेच बसला आहात. हेमांगीचे शेवटी काय झाले ते फक्त त्या कुत्र्याला ठाऊक आहे, आणि मी आता पोथी मिटतो आहे.

बसा.