सलोमीची धूळ

सविला पीटरशाइमला आजवर पुष्कळांनी पुष्कळ गोष्टी शिकवायचा प्रयत्न केला होता, पण झाडू मारू नका असं सांगायला तिच्या दारात कोणी आलं नव्हतं. हॅवरस्टिक बाई आल्या आणि तेही झालं.

“दुकान आहे तसंच राहू द्या,” बाई म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात पहिल्या गुरुवारी मी पाहणीला येते. तोवर एक खिळासुद्धा हलवू नका. आणि कृपा करून साफसफाई करू नका.”

“कोणी करू नये?”

“तुम्ही.”

सविलाने बाईंच्या बुटांकडे पाहिलं. त्यांनाही बऱ्याच दिवसांत कोणी फडकं लावलेलं दिसत नव्हतं. “म्हणजे धूळ बसू द्यायची.”

“बसू द्यायची. मागे एका गिरणीत मी यायच्या आदल्या दिवशी मालकीणबाईंनी भिंती धुऊन काढल्या. भिंतीवर जुन्या सुतारांनी पेन्सिलीने केलेली आकडेमोड होती. ती गेली, आणि मग गिरणीही गेली.”

गिरणीची गोष्ट मात्र सविलाला पटली. 

दुकान मुळात सुतारशाळा होती. तिच्या नवऱ्याच्या, मेनोच्या आजोबांनी उभी केलेली. पाळण्यापासून शवपेटीपर्यंत या वस्तीला जे जे लागलं ते सगळं त्या एका लांब बाकड्यावर घडलं. मेनोचे हात थकले तसं बाकडं थांबलं, आणि मेनो गेल्यावर सविलाने त्यावर जुन्या वस्तू मांडल्या: लोणी काढायची लाकडी पिंपं, कंदील, मातीच्या बरण्या, हातशेगड्या. आपण जे अडगळीत टाकतो ते इंग्रज लोक बैठकीच्या खोलीत मांडतात, हे तिला वेळीच कळलं होतं. आमच्या या बग्गी-कंदिलाच्या जुन्या पंथात जो नाही तो इंग्रज, मग त्याचे आजोबा कुठून का आलेले असेनात.

आता हे दुकान नेमकं रस्त्याच्या वळणावर कोपर काढून उभं, आणि तालुक्याला ते वळण सरळ करायचं होतं. दुकान मूळ रूपात आहे असं हॅवरस्टिक बाईंच्या जुन्या वास्तू जपणाऱ्या मंडळाने म्हटलं, तर रस्ता पलीकडच्या पडीक बांधावरून जाणार. नाहीतर वसंतात दुकान जमीनदोस्त, आणि सविला मुलाच्या घरी खिडकीपाशी शेंगा निवडत बसणार. सून वाईट नव्हती. पण सविलाने निवडलेल्या शेंगा ती पुन्हा निवडायची.

म्हणून सविलाने झाडू खुंटीला लावला आणि हात बांधून बसली. धूळही जणू वाटच बघत होती. आधी पिंपांच्या झाकणांवर बसली, मग बरण्यांच्या खांद्यांवर, मग थेट बाकड्यावर. कोपऱ्यात एका कोळ्याने संसार थाटला. सविलाचा तळहात खाजायचा. ती तो मांडीखाली दाबून बसायची.

आणि सलोमी आली.

सलोमी तिची नणंद, मेनोची धाकटी बहीण, शेतापलीकडेच राहणारी. सफरचंदाच्या पायची रिकामी ताटली परत करायला आली होती. बोलता बोलता तिने फळीवरून एक बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि ते हळूच एप्रनला पुसलं.  ताटली ठेवून ती इतक्या हलक्या पावलांनी निघून गेली, जणू आत कोणी आजारी झोपलं होतं.

खरं काय ते सविला तिथल्या तिथे सांगू शकली असती. पण सांगायचं काय? एक इंग्रज बाई आली आणि तिच्या हुकमावरून मी झाडू टांगून ठेवला, असं? त्यापेक्षा धूळ परवडली.

पुढच्या रविवारी प्रार्थना योडर यांच्या कोठारात होती. सविला नेहमीच्या बाकाकडे निघाली तर योडरीण मध्येच आडवी आली. “सविला, तू इथे बस.” आणि तिने पाठीची खुर्ची पुढे केली.

आमच्याकडे प्रार्थनेला बिनपाठीचे बाक असतात. तीन तास ताठ बसायचं. पाठीची खुर्ची मिळते ती ज्यांचं आता काही खरं नाही त्यांना.

“मला काय झालंय?” सविला म्हणाली.

“काही नाही गं. कुणाला काय झालंय,” योडरीण तान्ह्या मुलाशी बोलावं तशी बोलली.

जेवताना तिच्या पानात सफरचंदाच्या पायचा सगळ्यात मोठा तुकडा पडला. कोणी तिच्या डोळ्यांची चौकशी केली, कोणी गुडघ्यांची. दुसऱ्या दिवशी कोंबडीच्या रश्शाची भांडी यायला लागली. ग्लिकची सून तर इतकं मोठ्याने बोलली की अंगणातला घोडा बिचकला.

“मी बहिरी नाही,” सविला म्हणाली.

“नाही, नाही,” ती आणखी मोठ्याने म्हणाली.

पाहणीच्या आदल्या दिवशी सविलाच्या लेकीकडे सफरचंदं शिजवायची होती. मोठी कढई, दिवसभर ढवळणं. सविलाचं मन दुकानातून निघेना, पण सलोमीने तिला जवळजवळ ढकलूनच बग्गीत बसवलं.

“जा वहिनी. जरा हवापालट होईल.”

“माझ्या हवेला काय झालंय?”

“काही नाही,” सलोमी म्हणाली आणि तिच्या खांद्याभोवतीची शाल नीट केली. सलोमीने आयुष्यात कधी तिची शाल नीट केली नव्हती. सविलाला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुपार कलताना जावयाने बग्गी वळणावर घेतली आणि सविलाच्या मांडीवरच्या मुरंब्याच्या बरण्या किणकिणल्या. अंगणात बग्ग्याच बग्ग्या. एवढ्या बग्ग्या म्हणजे एक तर लग्न, नाहीतर मयत, आणि लग्नाचं तिच्या घरात कोणी उरलं नव्हतं.

दारात सलोमी उभी होती. बाह्या सरसावलेल्या, एप्रन ओला, चेहरा आनंदाने लाल. मागे सगळी वस्ती.

“वहिनी, डोळे मिट,” सलोमी म्हणाली. “नको, धडपडशील. उघडेच ठेव.”

सविला आत गेली. पायाखाली कोऱ्या पाइनच्या फळ्या, दुधासारख्या पांढऱ्या. पिंपं घासूनपुसून उभी, जणू शाळेच्या पहिल्या दिवसाची मुलं. भिंतीवरच्या फळ्यांमध्ये तोंड दिसत होतं. कोळ्याचा संसार उठला होता. खिडक्यांच्या काचा इतक्या स्वच्छ की एका चिमणीने त्यात नुकतंच डोकं आपटून घेतलं होतं.

“उद्या तुझ्याकडे माणसं यायचीत, तुझी लेक म्हणाली,” सलोमी म्हणाली. “आपल्या घरी प्रार्थना असली की सगळे मिळून घर झाडून काढतातच की. म्हटलं, वहिनी थकली, ती काही तोंडाने मागायची नाही. आपणच उरकून टाकू.”

मधमाशी डॅन पुढे आला. डॅनियल ग्लिक नावाचे आमच्याकडे इतके आहेत की प्रत्येकाला काहीतरी चिकटवावं लागतं; हा मधाच्या पेट्या ठेवायचा. हाडाचा सुतार. “बाकड्यावर फारच चिरा पडल्या होत्या,” तो म्हणाला. “वरची फळी उलटी करून बसवली आणि रंधा मारला. हात फिरवून बघ, लोणी आहे.”

सविला एका पालथ्या पिंपावर बसली.

“रडतेय,” मागून कोणीतरी कुजबुजलं.

“रडत नाही,” सविला म्हणाली. “मोजतेय.”

“काय?”

“मूर्ख.”

मग तिने सगळं सांगितलं. हॅवरस्टिक बाई, गिरणी, रस्ता, धूळ. 

“मग आधी नाही का सांगायचं?” सलोमी म्हणाली.

“तू नाही का विचारायचं? बोट फिरवायला सवड होती, विचारायला नव्हती.”

“तुझ्या घरात धूळ, वहिनी.” सलोमीचा आवाज फाटला. “तुझ्या. मी दुसरं काय समजणार? मला वाटलं, आता आपली वहिनी चालली.”

हे ऐकून सविलाला राग आला आणि थोडं बरंही वाटलं. दाखवला तिने रागच.

“जमिनीच्या जुन्या फळ्या कुठेत?”

मधमाशी डॅन आपल्या टोपीकडे बघायला लागला. जुन्या फळ्यांची तो इंग्रजांसाठी जेवणाची टेबलं करायचा. “माझ्या गाडीवर,” तो म्हणाला.

“टेबलं झाली?”

“उद्या करणार होतो.”

“करू नकोस. आण.”

ज्या हातांनी सकाळी फळ्या बसवल्या त्याच हातांनी त्या उखडल्या. आमच्या माणसांचं एक बरं आहे. कशासाठी हे त्यांना फारसं लागत नाही, काम लागतं. वाकडे झालेले खिळे ठोकून सरळ केले. जुन्या फळीचं प्रत्येक भोक आपली जागा ओळखत होतं, त्यामुळे एकही फळी चुकली नाही. बाकड्याची फळी पलटली आणि खालून मेनोच्या आजोबांच्या चिरा, मेनोच्या वडिलांच्या पेन्सिलीच्या रेघा आणि मेनोने शेकोटीची सळई टेकवून पाडलेला काळा डाग, सगळे पुन्हा वर आले. त्या डागावरून सविलाने मेनोला जन्मभर ऐकवलं होतं. आता तिने त्यावर हात ठेवला आणि कोणी बघायच्या आत काढला.

“झालं,” मधमाशी डॅन म्हणाला.

“कुठे झालं?” सविलाने फळ्यांकडे बोट दाखवलं. खाली शंभर वर्षांची जमीन आणि वर कालच्या लग्नातल्यासारखी चकाकणारी पिंपं. आंधळ्यालाही कळलं असतं.

डॅनने मूठभर लाकडाचा भुसा आणून फळीवर भुरभुरला. पिवळाधमक.

“हे जुनं वाटतं की आत्ताच कापलेलं?” सविला म्हणाली. “पूस.”

कोणीतरी रस्त्यावरून टोपलीभर माती आणली. तिला घोड्यांचा वास येत होता आणि ती भुरभुरेना, थापून बसली.

“ही धूळ नाही, हे अंगण आहे,” सविला म्हणाली. “मला घरातली धूळ हवी. करडी. मऊ. आपणहून बसलेली.” ती बायकांकडे वळली. “कोणाच्या घरी आहे?”

बायका एकमेकींच्या टोप्यांच्या नाड्या बघायला लागल्या.

“माझ्याकडे नाही बाई,” योडरीण म्हणाली. “शनिवारीच काढलं सगळं.”

“माझ्या पलंगाखाली पान मांडून जेवावं,” ग्लिकची सून म्हणाली. या वेळी तिचा आवाज बेताचा होता.

“मी तपासायला निघाले नाही, मागायला उभी आहे,” सविला म्हणाली. “एवढी मोठी वस्ती आणि चिमूटभर धूळ नाही?”

प्रार्थनेचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्या डीकनने दाढीवरून हात फिरवला. “सविला, बाहेरची धूळ आणून टाकायची म्हणजे लबाडी नाही का होणार?”

“तुम्ही नेलीत तेवढी परत मागतेय. आणि बाईंनी नाही विचारलं तरी मी सांगणार आहे. आता गप्प बसा, नाहीतर तुमच्या घरी शोधते.”

डीकन दोन पावलं मागे सरकला. सविलाने नणंदेकडे पाहिलं. “सलोमी, तुझ्या आजोबांनी बांधलंय हे. मी तर इथे लग्न होऊन आले.”

सलोमीने एप्रनची एक कड घेतली, चुरगाळली, सरळ केली, पुन्हा चुरगाळली. सगळ्या बायका बघत होत्या. तिने बाकड्याकडे पाहिलं, त्या काळ्या डागाकडे पाहिलं.

“माळ्यावर असेल थोडी,” ती म्हणाली. “आईच्या कपाटावर.”

“थोडी म्हणजे किती?”

सलोमीने एप्रन सोडला. मग खाली मान घालून म्हणाली, “बादली लागेल.”

एक नाही, दोन बादल्या आल्या, दुधाच्या बादल्यांसारखं वर स्वच्छ फडकं बांधून. सविलाने पिठाची चाळणी घेतली आणि केकवर साखर भुरभुरावी तशी ती धूळ फळीफळीवर, पिंपापिंपावर चाळली. शेवटी मागे सरकून बघितलं.

“छान आहे,” ती म्हणाली. “चांगली मुरलेली आहे.”

सलोमी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेली.

गुरुवारी हॅवरस्टिक बाई आल्या. त्यांनी काही बोलायच्या आत सविला उभी राहिली. “आधी ऐका. काल या फळ्या लोकांनी उखडल्या होत्या. परत बसवल्या. बाकड्याची फळी उलटी केली होती, ती सुलटी केली. आणि ही धूळ इथली नाही, माझ्या नणंदेच्या माळ्यावरची आहे.”

बाई गुडघ्यांवर बसल्या, खिळे बघितले, भोकं बघितली, बाकड्याच्या खाली वाकून रंधा मारलेली बाजूही बघितली. “त्याच फळ्या, त्याच जागी,” त्या म्हणाल्या. “शेजाऱ्यांनी काढल्या आणि शेजाऱ्यांनी बसवल्या. मुळातही अशाच बसवल्या असतील. माझी काही हरकत नाही.” मग त्या पेन्सिलीच्या रेघांपाशी इतका वेळ थांबल्या की सविलाने त्यांना पालथ्या पिंपावर बसायला सांगितलं.

“आणि धूळ?” सविला म्हणाली.

बाई हसल्या. “नणंदेची. तुम्ही लोक फार गमतीदार बोलता.”

“गंमत नाही. तिचीच आहे.”

बाई आणखी हसल्या. रुमालाने डोळे टिपून त्यांनी भिंतीवरच्या सगळ्यात वरच्या फळीकडे बोट दाखवलं. “एक करा. ती वरची फळी अशीच राहू द्या. लोकांना काळ किती साचलाय ते दिसायला हवं. बाकी खुशाल पुसा, तिला मात्र हात लावू नका.”

रस्ता पलीकडच्या बांधावरून गेला. दुकान वळणावर होतं तिथेच राहिलं. बर्फ वितळेपर्यंत सविलाने दुकानाचा कण न् कण पुसून काढला, वरची फळी सोडून. अधूनमधून सलोमी यायची, हातात फडकं घडी करून आणलेलं.

“वहिनी, निदान कडेची पुसू दे.”

“मला परवानगी नाही,” सविला म्हणायची.

गिऱ्हाइकं वर बघून विचारायची, किती जुनी असेल हो ही धूळ? सविला म्हणायची, “ते मला नाही सांगता यायचं. जिची आहे ती शेतापलीकडेच राहते, पांढरं घर. तिला विचारा.”

ईस्टरनंतरची पहिली प्रार्थना पुन्हा योडर यांच्याकडे होती. सविला सगळ्यांच्या आधी पोचली. सलोमी आत आली तेव्हा बायका जरा हलक्या आवाजात बोलत होत्या, आणि सविला बिनपाठीच्या बाकावर ताठ बसली होती. शेजारी तिने पाठीची खुर्ची ओढून ठेवली होती, वर उशीसुद्धा.

“ये सलोमी,” ती प्रेमाने म्हणाली. “बस. एवढं मोठं घर, एकटीला नाही गं होत.”