आमच्या घरापुरतं कर्नेल

बाबा कळंबच्या एका रिसॉर्टवर गवत कापायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात भात लावायला जायची. घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला पोचले आणि प्रोजेक्टसाठी कॉम्प्युटर लागला. रिसॉर्टने भंगारात काढलेला एक बाबांनी सायकलला बांधून आणला. सुरू व्हायलाच तो पाव तास घ्यायचा.

म्हणून तो दगडूमामांकडे गेला.

दगडूमामा आईचे चुलतभाऊ. कुंभिवलीला जळालेल्या पंपांच्या मोटारी वाइंडिंग करून देतात. दहावी गणितात अडकली ती अडकलीच. इंग्रजी शिकले कॉम्प्युटर दाखवतो त्या चुका वाचून! नाद एकच: यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामध्ये बसणारा कॉम्प्युटरचा गाभा, म्हणजे कर्नेल, तयार न घेता स्वतः बांधायचं.

त्यांनी मला समोर बसवून सोयरीक जुळवायला आल्यासारखी चौकशी केली.

"ब्लूटूथ हाय?"

"नाही."

"टीव्हीचं कार्ड?"

"नाही मामा."

"मंग घरात नाय ते कशाला वागवायचं गं?"

दर नकाराला ते कर्नेलमधला एकेक भाग काढून टाकत. आमच्याकडे काय नाही, हे सांगताना मला पहिल्यांदाच लाज वाटली नाही.

बांधणी दोन दिवस चालली. तोवर मामींना मिक्सर बंद. "व्होल्टेज पडंल!"

"मंग चटणी काय तुमच्या कर्नेलनं वाटू?"

तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू झाला आणि लगेच अडला. पडद्यावर इंग्रजीत आलं, 'कर्नेल फार जुनं आहे.' प्रोजेक्ट द्यायला चार दिवस उरलेले. मला रडूच आलं.

"काल जन्मलं, आन् जुनं म्हणतोय!" मामा भडकले. मग कपाळाला हात लावला. जुन्या यंत्राला झेपावं म्हणून कर्नेल जुनं घेतलेलं. पण सगळे प्रोग्राम ज्यांच्या आधारावर चालतात, त्या लायब्ररी नव्या टाकलेल्या.

"जात्याची एक तळी नवी, एक जुनी. पीठ कसं पडंल?"

ऐन उन्हाळ्यात, पंपांची रांग लागलेली असताना, त्यांनी दुकानाला कुलूप घातलं आणि त्या कर्नेलशी जुळणाऱ्या लायब्ररी एकेक करून बांधल्या. तारेचे वेढे मोजावेत तसं बोट प्रत्येक ओळीवर. मी नुसती बघत राहिले.

दोन दिवसांनी कॉम्प्युटर मिनिटात उघडला. बांधणाऱ्याला कर्नेलच्या आवृत्तीच्या आकड्यापुढे हवं ते नाव जोडता येतं. तिथे इंग्रजीत माझं नाव होतं: सुरेखा-बीएस्सी.

"मामा, अजून पास कुठे झालेय मी?"

त्यांनी मान वर केली नाही. "आजवर माझंच नाव टाकत आलो. त्याच्यापुढं लावायला काय नव्हतं."

प्रोजेक्ट वेळेत दिला. मी पास झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर.