मधला आवाज

आमच्या करंजवडे गावात ‘निघताना दिवा राहू दे’ हे गाणं कुणालाही पूर्ण ऐकू येत नाही. तीन आवाजांपैकी एकच ऐकू येतो, आणि कुणाला कोणता हे नगरपालिका ठरवते.

बाहेरगावच्या लोकांना यात काहीतरी विशेष वाटतं. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं तर मला विचारलं की गाव हे सहन कसं करतं. मी त्याला सांगितलं की नळाला पाणी एक दिवसाआड येतं तेही गाव सहन करतं. या गाण्याची तबकडी गावात आली तेव्हा सगळं गाव वेडं झालं होतं. वरचा आवाज चांगला की खालचा, यावरून हॉटेलांत बाकडी फेकली गेली. शेवटी पालिकेनं ठराव केला: प्रत्येकाला एक आवाज, जन्माच्या नोंदीबरोबरच, म्हणजे भांडण नको. ठराव वाजवी होता. माझं भांडण ठरावाशी कधीच नव्हतं. माझं भांडण अंमलबजावणीशी आहे, आणि माझ्या साप्ताहिकात मी ते वर्षानुवर्षं मांडत आलो आहे.

अंमलबजावणी अशी झाली की वरचा आवाज वशिल्यावर गेला. शब्दांची चाल वरच्याकडे आहे, त्यामुळे प्रत्येक बापाला पोरासाठी वरचाच हवा. खालचा आवाज माझ्यासारख्यांना मिळाला, ज्यांच्या बापांची नगरसेवकाशी ओळख नव्हती. तो भारदस्त आहे, माझी तक्रार नाही. मधला मात्र कुणालाच नको होता. तो एकटा ऐकला तर गाणं वाटतच नाही म्हणतात. एका स्वरावर बराच वेळ उभा राहतो, थोडा खाली येतो, पुन्हा तिथंच जाऊन उभा राहतो. ज्यांना मिळाला त्यांनी बदलून घेतला, आणि मग पालिकेनं तो देणंच बंद केलं. गावात मधला ऐकू येणारं एकच माणूस उरलं, आढाव सिस्टर.

तालुक्याच्या दवाखान्यात त्यांनी नोकरी केली. निवृत्त झाल्या तरी गाव त्यांना सिस्टरच म्हणतं. आमच्या रसिक मंडळाचा त्या कणा होत्या, आणि ही अलंकारिक भाषा नाही. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात आम्ही जमतो. टेबलावर तबकडी लागते. टेबलामागे तीन खुर्च्या. वरचा, मधला आणि खालचा ऐकू येणारं एकेक माणूस तिथं बसतं आणि आपल्याला जे ऐकू येतं ते मोठ्यानं म्हणतं. माणसाच्या गळ्याला ठराव लागू नाही. त्यामुळे समोर बसलेल्यांना तिन्ही आवाज ऐकू येतात. आमच्या गावात गाणं तबकडीवरून नाही, एकमेकांकडून ऐकतात.

मंडळाचा नियम एकच. जो आवाज तबकडीवरून तुम्हाला स्वतःला ऐकू येत नाही, तो म्हणायचा नाही. दुसऱ्याचा ऐकून पाठ केलेला चालत नाही. न पाहिलेल्या अपघाताची बातमी देण्यासारखंच ते. हा नियम मीच करायला लावला आणि त्याचा मला अभिमान आहे.

सिस्टर लेकीकडे नाशिकला राहायला जाणार हे कळलं, तेव्हा मंडळात सगळे एकदम बोलले. मी त्यांच्या घरी गेलो. त्या मसाल्याचे डबे खोक्यात भरत होत्या.

“सिस्टर, तुम्ही गेलात की मधला संपला.”

“मला ठाऊक आहे, संपादक. तो दोरीचा गुंडा द्या इकडे.”

“नाशिकला तुम्हाला तिन्ही आवाज ऐकू येतील. हद्दीबाहेर ठराव नाही.”

“येतील की.” त्यांनी गाठ मारली. “पण मला एकदा तिसऱ्या रांगेत बसायचं होतं. पंख्याखालची ती खुर्ची आहे ना, तिच्यावर. जायच्या आधी.”

मंडळात प्रत्येकाला ऐकायला बसण्याचे रविवार मिळाले होते. वरच्याला तर माणसं इतकी की पाळ्या लावाव्या लागतात. खालच्याला आम्ही तिघं आहोत. सिस्टरच्या खुर्चीत बदली माणूस नव्हतं. त्या कधीच समोर बसल्या नव्हत्या.

“शेवटच्या कडव्यात एक जागा येते,” त्या म्हणाल्या. “तिथं तुम्ही सगळे डोळे मिटता. तुम्हीसुद्धा, इतके भांडकुदळ असून. मी समोरून बघते ना दर वेळी. माझ्याकडे तिथं काहीच नसतं हो, एकच स्वर धरून बसायचं. मग तिथं होतं तरी काय? म्हणताना कळत नाही, आपलं आपलं सांभाळावं लागतं.”

मी दुसऱ्या दिवशी पालिकेत गेलो. ध्वनी विभाग पाणीपट्टीच्या खिडकीशेजारी आहे. तिथले सरोदे मला बघितलं की आधी पंखा वाढवतात.

“मला मधला द्या,” मी म्हणालो. “माझा खालचा परत घ्या.”

“बदल वरच्याकडे होतो, साहेब. खालून मध्ये जायची तरतूदच नाही. आजवर कुणी मागितलंच नाही.”

“मी मागतोय.”

“तुम्ही मागताय म्हणून तरतूद होत नाही. सिस्टर हद्दीबाहेर गेल्या की मधला व्यपगत होईल, म्हणजे कायमचा रद्द.”

“म्हणजे गाणंच संपवता!”

“दोन आवाज राहतायत की.” सरोद्यांनी आवाज खाली आणला. “एक मार्ग आहे. ज्याचा मूळ मधला होता आणि नंतर बदलून घेतला, त्याला मूळ आवाजावर परत येता येतं. हयात असा एकच माणूस आहे. नाव मी कशाला सांगू? तुम्हीच छापलंय.”

विश्वंभर टिकेकर. बाजारपेठेत त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांच्या वडिलांनी नगराध्यक्षांना गाठून पोराचा मधला वरचा करून घेतला, हे मी पुराव्यानिशी छापलं होतं. मंडळात आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. एका रविवारी एकाच टेबलामागे बसून गायलो होतो, पण बोललो नव्हतो.

मी दुकानात शिरलो तेव्हा ते एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर भिंगं बदलत होते. “आधीचं बरं की आताचं?” गिऱ्हाईक गेलं. मी कामाचं सांगितलं, एका दमात.

“माझ्यावर दोन अग्रलेख लिहिलेत तुम्ही,” टिकेकर म्हणाले.

“तीन.”

“तिसऱ्यात माझ्या वडिलांचं नाव होतं.”

“त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही.”

“घेऊ नका. खरंच होतं ते.” त्यांनी भिंगं पुसून खणात ठेवली. “पण कमाल आहे हं तुमची. ज्या माणसाला गावभर चोर म्हणून फिरवलंत, त्याच्याकडेच दागिना मागायला आलात.”

“तुमच्याकडे नाही मागत. सिस्टरसाठी मागतोय.”

“वरचा मग मला परत ऐकू येणार नाही?”

“तबकडीवरून नाही. खोटं सांगणार नाही.”

त्यांनी खण बंद केला. “कसा असतो हो मधला? एकटा?”

“मला काय माहीत? मला खालचा आहे.”

“बरोबर,” ते म्हणाले, आणि पुढचं गिऱ्हाईक आत आलं. मी निघालो. काम झालं नाही असंच मी धरलं, आणि घरी येऊन चौथ्या अग्रलेखाचा मथळासुद्धा ठरवला.

त्या रविवारी सभागृह भरलं होतं. सिस्टरचा गावातला शेवटचा रविवार. वरच्याला परांजपे वहिनींची पाळी होती, खालच्याला माझी. सिस्टर नेहमीप्रमाणे मधल्या खुर्चीकडे आल्या, तर तिथं टिकेकर बसले होते. शिक्क्याचा कागद त्यांनी टेबलावर ठेवला.

“ही माझी खुर्ची आहे,” ते म्हणाले. “मूळची. बसा तुम्ही समोर.”

सिस्टरनी कागद वाचला. दवाखान्यात केसपेपर वाचत तसा, दोन्ही बाजूंनी. मग तिसऱ्या रांगेत पंख्याखाली जाऊन बसल्या. पर्स मांडीवर घेतली, चपला काढल्या.

“जमलंय का?” मी टिकेकरांना हळूच विचारलं.

“चार दिवस दुकान बंद ठेवून हेच ऐकतोय.”

“आधीचं बरं की आताचं?”

“वेगळं आहे. गप्प बसा आता.”

तबकडी लागली. टिकेकरांचा आवाज कापत होता. वरच्याची सवय असल्यानं ते सारखे वर सरकायला बघत आणि स्वतःला ओढून खाली आणत. तरी गाणं उभं राहिलं. शेवटचं कडवं आलं. ती जागा आली. सभागृहातले सगळे डोळे मिटले. मी खालचा म्हणत समोर बघत होतो. सिस्टरनी डोळे मिटले नव्हते. त्या टिकेकरांकडे टक लावून बघत होत्या.

गाणं संपलं. कुणी टाळी वाजवली नाही.

“टिकेकर,” सिस्टर तिसऱ्या रांगेतून म्हणाल्या, “तिथं घाई केलीत. धरून ठेवायचं असतं ते. त्या दोघांना जाऊ द्या, वर, खाली, कुठं जायचं तिथं. आपण हलायचं नाही. पुन्हा.”

तबकडी पुन्हा लागली. या वेळी टिकेकर हलले नाहीत. त्यांच्या कपाळावरची शीर दिसत होती. समोर सिस्टरनी डोळे मिटले, आणि गाणं संपल्यावरही उघडले नाहीत. वाचनालयाच्या शिपायाला दारं लावायची होती. तो पायरीवर जाऊन बसला.

मंगळवारी त्या नाशिकला गेल्या. मधला व्यपगत झाला नाही. टिकेकरांच्या नावावर तो चालू आहे. त्यांच्या खुर्चीला बदली माणूस नाही, त्यामुळे आता ते समोर बसू शकत नाहीत. नव्या बाळांना मधला द्यावा म्हणून मी पालिकेशी झगडतो आहे. मागच्या आठवड्यात एका जोडप्यानं तो स्वतःहून मागितला. सरोदे म्हणाले, तरतूद बघावी लागेल. मी म्हणालो, बघा, मी इथंच बसलोय.

सिस्टरचा फोन त्या गेल्यावर पुढच्याच रविवारी आला, बरोबर तबकडी लावायच्या वेळेला.

“ऐकलंत का तिथं गाणं?” मी विचारलं. “पूर्ण?”

“ऐकलं. जावयानं मोठ्या स्पीकरवर लावलं. तिघंही आहेत, छान गातात. पण ओळखीचं कुणी नाही हो. फोन टेबलावर ठेवा, टिकेकरांच्या बाजूला. आणि मध्ये बोलू नका.”

मी फोन ठेवला. तेव्हापासून दर रविवारी तो तिथं असतो. गाणं गावाच्या हद्दीबाहेर पाठवल्याबद्दल पालिकेनं अजून हरकत घेतलेली नाही. घेऊन बघावी.