पाणबुडीवाले कदम

अन्वी, निहार, तुम्ही तिकडे बंदरातली जुनी युद्धनौका पाहायला गेलात आणि मला फोटो पाठवलात. डेकवर दोन ओळींत आठ-आठ जाड नळ्या, तोंडं आकाशाकडे. खाली तुमचा प्रश्न: "आजी, हा ऑर्गन जहाजावर का ठेवलाय?" तो ऑर्गन नाही. पाणबुडीवर रॉकेटं सोडायचं यंत्र आहे ते. मला ते माहीत आहे ते आमच्या वाशीच्या बिल्डिंगमधल्या कदमांमुळे. त्यांना पाहिलेली माणसं आता आमच्या जिन्यावर फारशी उरली नाहीत, म्हणून लिहूनच ठेवते.

कदम बायकोला किल्ली कधी सरळ टाकत नसत. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं, बिल्डिंग नवी होती. कदमवहिनी बाजारातून आल्या की खालून हाक मारत, आणि कदम तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून किल्ली फेकत ती वहिनींच्या आठ पावलं पुढे. "जिथं आहे तिथं मारायचं नसतं. जिथं पोचेल तिथं मारायचं!" एकदा वहिनी मध्येच कोळणीशी बोलायला थांबल्या आणि किल्ली गटारात गेली.

"पाणबुडी कोळंबीचा भाव विचारायला थांबत नाही!" कदम वरून ओरडले.

"मग पाणबुडीशीच लग्न करायचं होतंत!" वहिनींनी खालून सुनावलं.

नौदलात कदमांनी अर्धं आयुष्य त्या नळ्या भरण्यात घालवलं होतं. एकदा ते समजावून सांगताना त्यांनी माझे सोळा स्टीलचे पेले टेबलावर आडवे मांडले. जहाजाच्या तळाशी सोनार नावाचं यंत्र असतं. ते पाण्यात आवाज सोडतं, तो पाणबुडीवर आपटून परत येतो, त्यावरून तिची दिशा आणि अंतर कळतं. नळ्या तिकडे वळतात. पण रॉकेट उडून, पाण्यात पडून, खोल बुडेपर्यंत पाणबुडी पुढे सरकलेली असते. म्हणून ती कुठे पोचेल याचा अंदाज घ्यायचा. तोही चुकू शकतो, म्हणून लागोपाठ सोळा सोडायची. ती पसरून पडतात आणि पाण्याखाली जाऊन फुटतात.

"पंधरा वाया जातात, वहिनी. जायलाच हवीत. एक पुरतं," ते मला म्हणाले.

"आणि मग?" मी माझे पेले गोळा करत विचारलं.

"मग गप्प बसायचं. पाणी इतकं ढवळलेलं असतं की सोनारला धड काही ऐकू येत नाही. पाणी थिरावू द्यायचं. सगळ्यात अवघड काम ते."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये उंदीर निघाला, तेव्हा त्यांनी सगळ्यांना हातात चपला घ्यायला लावल्या. "एकट्यानं नेम धरू नका, पसरून टाका!" उंदीर वाचला. सेक्रेटरींचा चष्मा वाचला नाही. सेक्रेटरी भडकले, तर कदम खुर्चीवर शांत बसून म्हणाले, "पाणी थिरावू द्या."

एका गोष्टीबद्दल मात्र ते अवाक्षर काढत नसत. त्यांचा मुलगा विजय नौदलात जायला तयार नव्हता. तो मालवाहू जहाजावर लागला. निघाला त्या दिवशी कदम म्हणाले, "पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस." विजयने ते अक्षरशः पाळलं. दोन वर्षं पत्र नाही. पोस्टमन दिसला की वहिनी गॅलरीत येत आणि कदम उठून आत जात.

मग एका दुपारी कदम माझ्याकडे आले. हातात शाळेचा अ‍ॅटलास आणि परदेशी पाठवायच्या निळ्या पत्रांचा गठ्ठा.

"वहिनी, तुमचं इंग्रजी अक्षर स्वच्छ. पत्ते घालून द्या."

विजयच्या मित्राकडून त्यांनी जहाजाचं नाव आणि त्याचं शेवटचं बंदर मिळवलं होतं. त्या जहाजाचा मार्ग ठरलेला नव्हता, माल मिळेल तिकडे जायचं. कदमांनी नकाशावर पेन्सिलीने बंदरांवर खुणा केल्या होत्या. "आज तो इथं कुठंतरी. पत्राला पंधरा-वीस दिवस. तोवर तो इथं असेल. नाहीतर इथं."

मी खुणा मोजल्या. सोळा.

पत्रं उघडीच होती. प्रत्येकात तेच, वळणदार मराठीत: 'चूक माझी होती. घरी ये. बाबा.'

"सोळा वेळा हाताने लिहिलंत? कार्बन घालायचात की," मी म्हटलं.

"चूक कार्बननं कबूल करतात होय?" कदम म्हणाले आणि नकाशाकडे पाहत राहिले.

त्यानंतर पोस्टमनच्या वेळी गॅलरीत दोघंही उभी दिसत. "येईल ना हो?" वहिनी विचारत. "बघू," कदम म्हणत. सहा पत्रं परक्या देशांचे शिक्के घेऊन परत आली. बाकीच्यांचं काहीच कळलं नाही. चार महिने गेले. कदमांनी त्या काळात कुणाला काही समजावून सांगितलं नाही. आम्हालाच चुकल्यासारखं वाटे.

एका रविवारी सकाळी मी जिन्यात होते. खांद्याला बॅग लावलेला एक उन्हाने रापलेला तरुण कदमांच्या दाराशी उभा होता. बेल वाजवायला त्याचा हात होत नव्हता. मीच वाजवली.

कदमांनी दार उघडलं. विजयने खिशातून निळं पत्र काढून पुढे केलं. कदमांनी ते घेतलं, उलटंसुलटं केलं, चष्मा वर करून शिक्क्यावरचं बंदराचं नाव वाचलं.

"सांतोस?" ते म्हणाले. "ते तर एक पत्र उरलं म्हणून टाकलं होतं रे."

आतून वहिनी विचारत होत्या, "कोण आलंय हो?" कदमांनी विजयच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि छातीशी धरून उभे राहिले.

कदम गेले, वहिनीही गेल्या. विजय खांदेश्वरला राहतो. ते पत्र त्याच्या कपाटात आहे, आणि माझ्या अक्षरातला पत्ता अजून वाचता येतो.